हो बाजूला

१

स्वानंद कानडे फोटो काढायचा ते घरांचे. माणसांच्या वाटेला तो जात नसे. माणसं हलतात, पापण्या मिटतात, वर आपण जाड दिसतोय का म्हणून विचारतात. घर बापडं सांगाल तसं उभं राहतं. आर्किटेक्ट लोकांत त्याचं चांगलं नाव होतं, आणि लग्नकार्यात कुणी हौसेने "दोन फोटो काढ की" म्हटलं की त्याच्या कपाळावर आठ्या चढत.

त्याचा कॅमेराही त्याच्यासारखाच, माणूसघाणा. डोळा लावून बघायची सोयच त्याला नव्हती. पुढे भिंग, मागे सेन्सरचा डबा, आणि भिंग वरखाली सरकवायला दोन स्क्रू, म्हणजे उंच भिंती फोटोत मागे कलंडत नाहीत. असल्या कॅमेऱ्यामागे पूर्वी डोक्यावर काळं फडकं घेऊन उभं राहावं लागे. आता कॅमेऱ्याच्या माथ्यावर एक पकड बसवायची, तीत फोन अडकवायचा आणि एक ॲप उघडायचं. भिंग कोणतं, सेन्सर केवढा ते सांगितलं की ॲप फोनच्या पडद्यावर पिवळी चौकट आखून देतं. चौकटीत दिसेल तेवढं फोटोत येणार. कॅमेरा आंधळा, डोळा फोनचा. आणि अंतर मोजायला जुईली.

जुईली त्याची बायको. फोटोत जी जागा सगळ्यांत रेखीव यायला हवी तिथे ती काळ्या-पांढऱ्या रेघांचा पुठ्ठा छातीशी धरून उभी राहायची. स्वानंद मोजयंत्रातून लेझरचा लाल ठिपका पुठ्ठ्यावर टाकायचा, आकडा वाचायचा आणि भिंगाची कडी त्या आकड्यावर आणायचा. फोटो पुन्हा काढायची वेळ आली तर अंतर हुकू नये म्हणून तिच्या पायाखाली पिवळ्या चिकटपट्टीची फुली मारलेली असायची. मग तो म्हणायचा, "हो बाजूला." ती बाजूला व्हायची, शटर उघडायचं, खोली रिकामी. चौदा वर्षं हे असंच चाललं होतं. प्रत्येक फोटोच्या आधी शेवटच्या घडीपर्यंत जुईली तिथे होती आणि एकाही फोटोत नव्हती. यात कुणाला वाईट वाटण्यासारखं काही आहे हे स्वानंदच्या कधी डोक्यातही आलं नाही. कामाची पद्धत ती, दुसरं काय.

डिसेंबरातल्या त्या मंगळवारी दोघं साडेसहाला सूसहून निघाले. मुळशी धरणाच्या पाण्यावर एक नवं घर बांधून झालं होतं आणि आर्किटेक्ट निषादला त्याचे चार फोटो हवे होते. नांदे, लवळे करत पिरंगुटला पोचले तर कंपन्यांच्या बसेस वळत होत्या. गाडी थांबली. जुईली समोर बघत म्हणाली, "स्वानंद, हे माझं शेवटचं काम."

"कुठलं?"

"आजचं. एक तारखेपासून मी नाशिकला जान्हवीकडे राहणार आहे. तिथे नोकरीही बघितली आहे. चार दिवस बहिणीकडे चाललेय असं समजू नकोस. परत यायला जात नाहीये मी."

स्वानंद घाबरला. खरंच घाबरला, माणूस दगड नव्हता. जुईलीशिवाय गॅस कुठल्या नंबरवर बुक करतात इथपासून त्याला काही माहीत नव्हतं. पण पोटातलं ओठावर आणायची त्याला सवयच नव्हती. त्याने गिअर टाकला आणि म्हणाला, "ट्रायपॉडची प्लेट घेतलीस ना?"

"घेतली."

पौड मागे पडलं तेव्हा तिने विचारलं, "तू यावर काही बोलणार आहेस का?"

"घरी बोलू."

२

किल्ल्या तानूबाईंकडे होत्या. वय पन्नाशीचं, कमरेला जुडगा, बोलणं फटकळ. घर ज्या उतारावर उभं होतं तिथे पूर्वी त्यांच्या घरची शेरडंमेंढरं चरायची. आता त्या तिथल्याच फरशा पुसत होत्या.

"चपला भायेर काढा," हे त्यांचं पहिलं वाक्य. "कालच पुसलंय समदं."

हॉल लांबलचक होता. एका बाजूला सगळी काच, काचेपलीकडे धरणाचं पाणी, आत एक राखाडी सोफा आणि पांढरा पडदा. नव्या घरात भिंती अजून आवाज धरून ठेवत नाहीत. पाऊल टाकलं की ते खोलीभर फिरून परत येतं. स्वानंदने ट्रायपॉड लावला, कॅमेरा चढवला, वर फोन अडकवला. जुईली पुठ्ठा घेऊन सोफ्याच्या अलीकडे उभी राहिली. खाली फुली मारली. लेझर टाकला. तीन मीटर बासष्ट.

"हो बाजूला."

तिची पावलं दाराकडे गेली. स्वानंदने फोनवर नजर टाकली. पिवळ्या चौकटीत जुईली पुठ्ठा धरून उभी होती.

"अजून उभीच का तू?"

"मी दारात आहे," जुईली म्हणाली. आवाज दारातूनच आला.

त्याने मान उंचावून फोनवरून पलीकडे पाहिलं. सोफा, पडदा, फरशीवर फुली. कुणी नाही. पुन्हा पडद्यावर पाहिलं. जुईली.

ॲप अडकलं, तो मनाशी म्हणाला. पण तसं म्हणावं तर पडद्यावरचा पडदा हलत होता, आणि खोलीतलाही त्याच क्षणी तसाच हलत होता. काचेबाहेर पाण्यावरून एक बगळा गेला. तो दोन्हीकडे गेला. त्याने फोन बंद करून चालू केला. ॲप पुन्हा उघडलं. चौकट आली, चौकटीत जुईली आली. मग त्याने मोजयंत्र उचललं आणि रिकाम्या खोलीत लेझर टाकला. सहा मीटर चौऱ्याऐंशी, म्हणजे मागची भिंत. बरोबर. लाल ठिपका भिंतीवर दिसतही होता. फोनच्या पडद्यावर मात्र तो जुईलीच्या पुठ्ठ्यावर पडला होता.

स्वानंदने स्वतःची समजूत घातली. आजचे फोन नको तेवढे शहाणे असतात. एका चित्रासाठी दहा चित्रं घेतात, जुन्यातलं थोडं ठेवतात, नव्यातलं थोडं लावतात, आणि आपल्याला काय दाखवायचं ते आपलं आपण ठरवतात. त्यातलंच काहीतरी असणार. लेझरच्या ठिपक्याचं कोडं मात्र या समजुतीत बसत नव्हतं, म्हणून त्याने ते बाजूला ठेवलं.

"जुईली, इकडे ये. हे बघ जरा."

"सकाळच्या गोष्टीवर बोलणार आहेस?"

"घरी बोलू म्हटलं ना."

"मग मलाही काही बघायचं नाही."

त्याने शटर दाबलं. दोन सेकंद. डब्यामागच्या छोट्या पडद्यावर फोटो आला. रिकामा हॉल, स्वच्छ उजेड, सरळ भिंती. निषादने डोक्यावर घेऊन नाचावं असा.

३

स्वयंपाकघराकडे जाताना पहिली गोष्ट स्वानंदच्या लक्षात आली ती ही की जुईली विचारायची थांबली होती. पौडपासून दर दहा मिनिटांनी तिचा तोच प्रश्न येत होता. आता ती मुकाट बॅग उचलून मागे आली. त्याला बरं वाटलं. राग ओसरला असेल.

स्वयंपाकघर काळ्या दगडाच्या ओट्याचं, अजून एकदाही फोडणी न पडलेलं. फ्रिज गुरगुरत होता. जुईली उभी राहिली, फुली मारली, आकडा घेतला. "हो बाजूला." ती खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि फोनमध्ये ओट्यासमोर तशीच राहिली.

या वेळी स्वानंदने हाक मारली नाही. फोटो काढला. फोटो निर्मळ आला.

तेवढ्यात तानूबाई आपल्या खोलीतून चहाची किटली घेऊन आल्या. स्वानंदला एक युक्ती सुचली.

"तानूबाई, जरा हा पुठ्ठा धरून या फुलीवर उभ्या राहता का?"

"मी? फोटूत?"

"फोटोत नाही. नुसतं उभं राहायचं आणि मी सांगितलं की बाजूला व्हायचं."

"येवढ्यासाठी बाईंना पार पुन्यातनं आनलंय व्हय?" तानूबाई म्हणाल्या, पण उभ्या राहिल्या. पडद्यावर त्या आणि जुईली एकाच जागी आल्या. एका काचेवर दुसरी काच ठेवावी तसं दिसत होतं. "हो बाजूला," स्वानंद म्हणाला. तानूबाई गेल्या. पडद्यावरूनही गेल्या. मागे एकटी जुईली राहिली.

म्हणजे बिघाड फोनचा नव्हता. निदान सगळ्यांसाठी नव्हता.

तानूबाईंनी कप पुढे केला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाई गाडीतनं उतरल्या तवा त्यांचं त्वांड लई उतरल्यालं व्हतं. मला वाटलं भांडून आलायसा."

"मग आता?"

तानूबाईंनी खिडकीकडे पाहिलं. जुईली हातात कप धरून उभी होती. पीत नव्हती.

"आता काईच न्हाई दिसत तोंडावर," त्या म्हणाल्या आणि किटली घेऊन गेल्या.

४

वरच्या बेडरूममध्ये जायचं तर हॉलमधूनच जिना होता. स्वानंदने ट्रायपॉड तसाच खांद्यावर घेतला, फोन वर चालूच होता. जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्याने न राहवून कॅमेरा हॉलकडे वळवला. फुलीवर जुईली उभी होती, पुठ्ठा छातीशी. आणि त्याच वेळी त्याच्या मागे, दोन पायऱ्या वर, जुईली बॅग घेऊन थांबली होती.

"काय झालं?" वरची म्हणाली.

"काही नाही. चल."

वर गेल्यावर स्वानंद पडद्याच्या झालरी नीट करत राहिला. पाठ तिच्याकडे. पाठ असली की बोलणं सोपं जातं.

"नाशिकला कधी कळवणार आहेस?"

"कुणाला?"

"जान्हवीला."

जुईलीने बॅग खाली ठेवली. "जान्हवी कोण?"

तिने हे एखाद्या नव्या गिऱ्हाइकाबद्दल विचारावं तसं विचारलं. थट्टा नव्हती, टोमणा नव्हता. स्वानंदच्या पाठीवरून गार घाम उतरला. बायकोला काहीतरी झालंय, आत्ताच्या आत्ता सगळं आवरून पौडला डॉक्टरकडे न्यायला हवं, असं त्याच्या मनात आलं. पण खोटं कशाला सांगा? त्या घामाखाली त्याला हलकं वाटत होतं. सकाळपासून छातीवर बसलेला धोंडा कुणीतरी उचलून नेला होता. जिला जान्हवी आठवत नाही ती जान्हवीकडे जाणार कशी? हा विचार आपण केला याची त्याला लाजही वाटली. लाज वाटली आणि विचार तिथेच राहिला.

"उभी राहा," तो म्हणाला. "एवढा घेऊ, मग बघू."

फुली. लेझर. आकडा. "हो बाजूला."

जुईली त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली, इतकी जवळ की तिच्या केसांचा वास येत होता. फोनमध्ये पलंगाच्या कडेला जुईली उभी होती. हॉलमधली जागची हलली नव्हती, स्वयंपाकघरातलीही नाही. हिने मात्र पुठ्ठा हळूच खाली घेतला. आधी हनुवटी उचलली, मग नजर. ती फोनकडे बघत होती. फोनच्याही मागे, तो जिथे होता तिथे बघत होती.

स्वानंदने शटर दाबलं.

"भूक लागली का तुला?" त्याने शेजारचीला विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"तुला लागली असेल तर," जुईली म्हणाली.

५

आता राहिला होता व्हरांडा. खाली आल्यावर लक्षात आलं की मोजयंत्र सापडत नाही. सकाळी हॉलमध्ये सोफ्यामागच्या मेजावर एक जुनं मोजयंत्र काढून ठेवलं होतं, जादा म्हणून. "जा, ते घेऊन ये," स्वानंद म्हणाला आणि व्हरांड्याच्या दारात ट्रायपॉड टेकवला. कॅमेऱ्याचं तोंड हॉलकडे होतं. फोन चालू होता. बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं आणि तो बघत होता.

पडद्यावर दोन जुईली होत्या. एक फुलीवर. दुसरी डावीकडून आली, मेजावरून यंत्र उचललं आणि परत यायला जवळची वाट म्हणून सोफ्यासमोरून सरळ चालत निघाली. तिचा पाय फुलीवर पडला.

दोघी एक झाल्या. तिथून जी पुढे चालत आली ती एकटीच होती, आणि तिच्यामागे फुली रिकामी होती.

ती टाच आपटत आली. ही चाल स्वानंदला ओळखीची होती. जुईली रागात असली की अशीच चालायची. ती त्याच्यासमोर थांबली.

"मी जातेय, स्वानंद. एक तारखेला. सकाळी सांगितलं मी तुला आणि तू ट्रायपॉडची प्लेट विचारलीस."

"कुठे जातेस?" स्वानंद म्हणाला.

हा प्रश्न त्याने का विचारला ते त्याला पक्कं माहीत होतं. जुईलीने कपाळाला हात लावला.

"कुठे ते... नाव अगदी जिभेवर आहे. कुणाकडे तरी जायचंय. माझंच कुणीतरी आहे तिथे." तिचा आवाज बारीक झाला. "मला आठवत नाहीये, स्वानंद. पण जायचंय एवढं नक्की. मला काय होतंय रे?"

तिने त्याचा हात धरला. कैक वर्षांत धरला नसेल असा धरला, भ्यालेल्या माणसाने धरावा तसा. आणि स्वानंदला सगळं लख्ख कळलं. कसं आणि का ते नाही. ते त्याला कधीच कळलं नाही. काय करायचं ते कळलं. स्वयंपाकघरात न्यायचं, ओट्यासमोरच्या फुलीवर उभं करायचं. वर न्यायचं, पलंगाशेजारच्या फुलीवर उभं करायचं. पाच मिनिटांचं काम होतं. पाच मिनिटांनी त्याच्यासमोर सबंध जुईली उभी राहिली असती, जान्हवीसकट, नाशिकसकट, एक तारखेसकट.

बाहेर पाणी चकाकत होतं. तानूबाई मागच्या अंगणात कुणाला तरी ओरडत होत्या. उन्हं कलायला अजून अर्धा तास होता.

६

"हॉलचा फोटो हललाय," स्वानंद म्हणाला.

"काय?"

"सकाळचा. आत्ता बघितला मोठा करून. पुन्हा घ्यावा लागेल. दोन मिनिटं उभी राहा, मग डॉक्टरकडे जाऊ."

आता एक सांगायला हवं. स्वानंदच्या शब्दावर जुईलीचा फारसा विश्वास उरला नव्हता. येतो म्हणून न येणं, बघतो म्हणून न बघणं, हे सगळं तिने पाहिलं होतं. पण फोटोच्या बाबतीत तो चौदा वर्षांत एकदाही खोटं बोलला नव्हता. फोटो हललाय म्हटलं म्हणजे हललाय. तिने डोळे पुसले, पुठ्ठा उचलला आणि जाऊन फुलीवर उभी राहिली. पावलं बरोबर रेघेवर आणली. चांगलं काम करायची तिची जुनी खोड.

ट्रायपॉड सकाळच्या जागी नेऊन भिंगाची कडी तीन बासष्टवर आणायची होती. ती त्याने आणली. मोजायचं काही उरलं नव्हतं, तरी तो बराच वेळ नुसता बघत उभा राहिला. फोनमध्ये नाही, फोनवरून. तिच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस होता. तो कधीचा, त्याला सांगता आलं नसतं.

"झालं का?" जुईलीने विचारलं. "माझे पाय कापतायत."

स्वानंदने बोट शटरवर ठेवलं.

"हो बाजूला."

ती बाजूला झाली. दाराशी जाऊन उभी राहिली, हात खाली सोडून, आणि तिच्या पायांचं कापरं थांबलं. स्वानंदने ते पाहिलं आणि मग फोनकडे पाहिलं.

चौकटीतली जुईली वाकली. तिने पुठ्ठा फरशीवर ठेवला, सरळ झाली आणि चालायला लागली. कॅमेऱ्याकडे. घाईने नाही. रिकाम्या हॉलमध्ये एकाही पावलाचा आवाज होत नव्हता, आणि पडद्यावर ती मोठी मोठी होत होती. चौकटीत कंबरेपर्यंत, मग खांद्यापर्यंत. तिचे ओठ हलले. पुन्हा हलले, तसेच. दोन अक्षरांचं काहीतरी होतं.

स्वानंदने फोन पकडीतून ओढून काढला आणि पालथा करून खिशात कोंबला. समोर हॉल रिकामा होता. त्याने शटर दाबलं. तो फोटो पुढे निषादच्या पुस्तकात पहिल्या पानावर गेला. सगळे म्हणाले, काय शांतता आहे.

व्हरांड्याचा फोटो त्याने फोनशिवाय काढला, अंदाजाने, आणि जुईलीला उभं केलं नाही. एवढी दया त्याच्याजवळ होती. फुल्या मात्र त्याने उखडल्या नाहीत, तीनही तशाच राहू दिल्या. पुढच्या आठवड्यात शांतपणे विचार करू, तो स्वतःला म्हणाला. वाटलं तर तिला घेऊन येऊ. घर कुठे पळून चाललंय?

"डॉक्टरकडे जायचं?" गाडीत बसताना त्याने विचारलं.

"कशाला?" जुईली म्हणाली. तिला खरंच काही होत नव्हतं.

७

पिरंगुटला पुन्हा बसेस. कंपन्या सुटल्या होत्या. गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती तेव्हा फोन वाजला. तानूबाईंचा होता. स्वानंदने तो स्पीकरवर टाकला.

"साहेब, ते पिवळं चिकटल्यालं ऱ्हायलंय फरशीवर. रविवारी मालक येनार हायेत, मला समदं लख्ख पायजे. काढू का?"

स्वानंदने शेजारी पाहिलं. जुईली मांडीवर हात ठेवून समोर बघत होती. संध्याकाळचं ऊन तिच्या गालावर पडलं होतं.

"राहू द्या" एवढंच म्हणायचं होतं. हे शब्द आपल्या तोंडाशी आले होते असं तो पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिला.

"काढा," तो म्हणाला.

"समद्या?"

"सगळ्या."

तानूबाईंनी फोन बंद केला नाही. बोलणं झाल्यावर बंद करायचा असतो हे त्यांच्या गावीही नसावं. त्यांनी तो तसाच फरशीवर ठेवला. हॉलचा पोकळ आवाज गाडीत आला. मग चिकटपट्टी उखडल्याचा आवाज, लांब, एकसंध. पुन्हा एक, पहिल्याला आडवा. मग पावलं दूर गेली. स्वयंपाकघरातून तोच आवाज आला, जरा लहान. मग बराच वेळ काही नाही. जिना चढायला वेळ लागतो. स्वानंदला फोन बंद करता आला असता. त्याने केला नाही.

वरून, पार लांबून, तानूबाईंचा आवाज आला. "कोन हाय?"

स्वानंदने स्टिअरिंग घट्ट धरलं.

"कोन हाय हितं?" पुन्हा तानूबाई. मग त्यांचा स्वतःशी बोलल्यासारखा आवाज, "न्हाई कोन." आणि पट्टी उखडल्याचा शेवटचा आवाज, दोनदा.

फोन आपोआप कटला.

त्याने धीर करून जुईलीकडे पाहिलं. काही झालं नव्हतं. ती श्वास घेत होती. बांगडी सरकली होती ती तिने नीट केली. आता ती कुठेही जाणार नव्हती. सूसला, तिसऱ्या मजल्यावर, त्याच्याबरोबर. सकाळी याच चौकात त्याला जी भीती वाटली होती तिचा मागमूस उरला नव्हता.

"रात्री जेवायला काय करू?" जुईलीने विचारलं.

"कर की काहीही. तुला आवडेल ते कर."

जुईली विचार करू लागली. खरोखर मन लावून करत होती. कपाळावर बारीक आठी आली, ओठ थोडे उघडले. मग आठी गेली. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"मला काय आवडतं?"

स्वानंदने तोंड उघडलं. भरलं वांगं, पण ते त्याला आवडायचं. साबुदाण्याची खिचडी त्याच्या आईला. बटाट्याच्या काचऱ्या ती करायची त्या लवकर होतात म्हणून. चौदा वर्षांची ताटं त्याने एकेक करून डोळ्यांपुढे आणली, आणि प्रत्येक ताटापलीकडे जुईली बसलेली होती, पण ती काय खात होती ते काही केल्या दिसेना.

मागच्या बसने हॉर्न दिला. पुढची गाडी निघून गेली होती.

"सांग ना," जुईली म्हणाली.